नासपतीचं सूप: आधी पिणारं कोण ते सांगा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आई 68 वर्षांच्या. सर्दी गेली, पण कोरडा खोकला दहा दिवस झाले तरी जात नाही, रात्री जास्तच. मधुमेहाची गोळी चालू आहे. ताईंनी एका चिनी व्हिडिओत नासपती आणि पांढऱ्या अळंबीचं गोड सूप पाहिलं, सामान मागवलं आणि दोनदा करून बघितलं. पहिल्यांदा नुसतं गोड पाणी झालं, अळंबी दाताखाली कचकच लागली. दुसऱ्यांदा अळंबी रात्रभर ओट्यावर भिजत ठेवली, तर सूप आंबट झालं आणि वासही विचित्र आला. चूक कुठे झाली, खोकल्याला याचा खरंच उपयोग होतो का, आणि 4 वर्षांच्या मुलीला दिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

दुसऱ्या खेपेचं सूप ओतून टाकलं असं तुम्ही लिहिलंय. फार बरं केलंत. पुढे त्याकडे येतेच. या पदार्थात बाकी सगळीकडे 'चालतंय हो' म्हणता येतं, तिथे मात्र नाही.

आधी मला हे कसं येतं ते सांगते. मी 11 वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौला होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. जुन्या वस्तीतली लिफ्ट नसलेली इमारत, पाचवा मजला. समोरच्या दारात साठीच्या एक बाई राहायच्या. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी फोनवर माझ्या तोंडून ते ऐकलं आणि विचारलं, "तिकडे कोणाला आई म्हणतेस गं?" पुढे त्यात फारसा फरक उरला नाही म्हणा. या आयींच्या हाताखाली मी थोंग-सोय शिकले. शब्दशः साखरपाणी. पण ग्वांगझौ, हाँगकाँगकडे या नावाखाली गोड, पातळ, चमच्याने प्यायच्या सगळ्या पदार्थांचं एक खातंच आहे: मुगाचं, लाल चवळीसारख्या बारीक दाण्यांचं, काळ्या तिळाचं, रताळं-आल्याचं, पपईचं आणि हे नासपतीचं. संध्याकाळची जेवणं आटोपली की त्या दुकानांसमोर प्लास्टिकची स्टुलं भरून जातात. पुण्याला परत आल्यापासून मी हेच शिकवते.

आयींना कोणी "अमुक सूप कसं करायचं?" विचारलं की त्या आधी दोन प्रश्न टाकायच्या. बाहेर हवा कशी आहे? आणि पिणार कोण? पहिली काही वर्षं मला हा त्यांचा फाटे फोडायचा स्वभाव वाटायचा. मग कळलं, कृती तिथूनच सुरू होते. तुमचा व्हिडिओ नेमका ह्याच्यानंतर सुरू होतो.

हवेचं म्हणाल तर हे सूप कोरड्या हवेचं. चिनी परंपरेत शरदातल्या कोरडेपणाला वेगळं नाव आहे, छ्यू-झाव. ओठ फुटतात, घसा खरखरतो, त्वचा ओढल्यासारखी होते, कफ न सुटता खोकला येतो, ते सगळं त्यात येतं. त्यांच्या पंचतत्त्वांच्या हिशेबात शरद ऋतू, फुप्फुस आणि पांढरा रंग एका रांगेत बसतात. म्हणून नासपतीचा गर, पांढरी अळंबी, लिलीच्या कंदाच्या पाकळ्या असं सगळं पांढरं पांढरं या पातेल्यात जमा होतं. नासपती गुणाने थंड आणि फुप्फुसाला ओलावा देणारी मानतात. सोळाव्या शतकातला मोठा औषधीकोशकार ली शिझन यानेही नासपतीबद्दल हेच नोंदलंय: फुप्फुसाला ओलावा देते, कफ मोडते, आतली आग खाली आणते. या आगीला ग्वांगझौत 'यीत-हेइ' म्हणतात, म्हणजे गरम हवा. तळलेलं जास्त झालं, जागरण झालं, तोंड आलं की माणूस 'यीत-हेइ' झाला. आपण 'उष्णता वाढलीय' म्हणतो त्याच्या इतकं जवळ की मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. पण म्हणून आयुर्वेद आणि चिनी शास्त्र एकच, असं कोणी सांगायला लागलं तर मान डोलावू नका. थंड-उष्णाच्या याद्या दोघांच्या ठिकठिकाणी वेगळ्या आहेत.

तेच ग्वांगझौ मार्च-एप्रिलमध्ये बघा. दक्षिणेची दमट हवा येते, भिंतींना घाम फुटतो, फरशीवर पाणी उभं राहतं, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. त्या दिवसांत आयींच्या घरी नासपतीचं सूप औषधालाही मिळायचं नाही. तेव्हा लाल दाणे आणि जवासारखं एक भरड धान्य यांचं पाणी, ओल काढायला. म्हणून मुंबईत जुलैत घसा धरला तर हे सूप आयींनी करू दिलं नसतं. नाशिकला दिवाळीनंतर कोरडी थंडी सुरू झाली की हवा या सुपाच्या बाजूची.

आता पिणारं कोण. त्यांच्या हिशेबात खोकल्या-खोकल्यात फरक आहे. घसा कोरडा, कफ नाही किंवा थोडासा चिकट, तर नासपती. पण अंगात थंडी भरलीय, नाकातून पाणी वाहतंय, पातळ पांढरा कफ पडतोय, अशा माणसाला नासपती द्यायची नाही. त्याला आलं. पोट नाजूक, शौचाला पातळ होणाऱ्यालाही जपून. इथे आधुनिक विज्ञान आयींच्या बाजूने उभं राहतं, कारण नासपतीत सॉर्बिटॉल नावाची साखर असते आणि ती जास्त पोटात गेली की पोट सुटतं. तुमच्या आईंचा खोकला कोरडा आहे, तेव्हा तेवढ्यापुरतं सूप बरोबर निवडलंत.

खरंच उपयोग होतो का? घशाला होतो. कोमट, किंचित गोड, बुळबुळीत द्रव घशावरून सावकाश उतरला की खवखव काही वेळ निवते, झोप लागते. वयस्कर माणसं पाणी कमी पितात, त्यांच्या पोटात वाटीभर द्रव जातो हा आणखी फायदा. खोकल्याचं मूळ कारण यानं जात नाही. चीनमध्येही जाणती माणसं याला औषध म्हणत नाहीत. अन्न आणि औषधाचं मूळ एकच, असं एक वचन तिथे घरोघर ऐकू येतं, आणि सरकारनेही दोन्हीकडे चालणाऱ्या पदार्थांची अधिकृत यादी केली आहे. 2002 च्या यादीत असे 87 पदार्थ होते. लाल बोरं, गोजी नावाची छोटी लाल फळं, लिलीचा कंद त्यातच येतात. सातव्या शतकातले वैद्य सुन सिम्याओ यांनी लिहून ठेवलंय की आधी आहाराने बघावं, त्याने भागलं नाही तर औषधाकडे जावं. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. दुसरं अर्धं मी तुम्हाला आठवण म्हणून सांगते: दहा दिवस झालेत, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयासाठी आपल्याकडे हाच नियम आहे. ताप, धाप, वजन उतरणं, थुंकीत रक्त यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आणि एक गोष्ट आवर्जून विचारते, आईंना रक्तदाबाची गोळी आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा, चिवट खोकला लागतो. माझ्या वर्गातल्या एका काकांनी पूर्ण हिवाळा नासपती खाल्ली आणि शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर आठवड्याभरात खोकला थांबला. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता सामान. आधी ती पांढरी अळंबी. चिनीत 'यिन-अर', चांदीचा कान. पाकिटावर बारीक अक्षरांत ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस असं शास्त्रीय नाव असतं, ते बघून घ्या. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या, मग पांढऱ्या बुरशीच्या बातम्यांनी सगळे धास्तावले होते, तेव्हा माझ्या ऑनलाइन वर्गात मी 'व्हाइट फंगस' हा शब्द उच्चारला आणि दोघी-तिघी चक्क निघून गेल्या. म्हणून आता मी अळंबीच म्हणते. ही पूर्वी कुजक्या लाकडावर रानात जेवढी उगवेल तेवढीच मिळायची, त्यामुळे श्रीमंतांच्या ताटातली. आता फूच्येन प्रांतातल्या गुथ्येन परगण्यात सरकीच्या फोलपटांनी भरलेल्या पिशव्यांवर तिची शेती होते, म्हणून ती सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात आली. गंमत म्हणजे ती एकटी वाढतच नाही. लाकूड पचवून देणारी दुसरी एक बुरशी सोबत पेरावी लागते. तिच्या जिवावर ही फुलते.

विकत घेताना पांढरंशुभ्र फूल घेऊ नका. चांगल्या वाळलेल्या अळंबीचा रंग सायीसारखा, जरा पिवळट. दुधासारखी पांढरी दिसली आणि पाकीट फोडताच नाकाला फटाक्यासारखा झणका आला, तर तिला गंधकाची धुरी जास्त दिलेली. तुमच्या आंबट वासात तिचाही हात असू शकतो. शिवाय असली अळंबी शिजायला फार त्रास देते. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेलीही तशीच. कधी कधी चूक तुमची नसते, फुलाची असते.

आता भिजवण्याचं. गार पाण्यात, तास-दीड तास. बस. उन्हाळ्याचे दिवस असतील तर भांडं फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर नाही म्हणजे नाही. मी नवी असताना हेच केलं होतं. मेचा दमट महिना, मी रात्री दहाला अळंबी भिजत घातली आणि सकाळी मोठ्या उत्साहाने आयींना बोलावलं. त्यांनी भांड्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि एक शब्द न बोलता सगळं कचऱ्यात. दुसरं फूल आणायला तीन गल्ल्या चालत जावं लागलं, मला रागच आला होता. कारण नंतर कळलं. ओलसर, उबदार जागी पडून राहिलेल्या अळंबीत किंवा आंबलेल्या पिठात एक जंतू वाढू शकतो आणि तो बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. जंतू उकळून मरेल, विष उकळून जात नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ईशान्य चीनच्या जिशी शहरात एकाच घरच्या जेवणावळीतली 9 माणसं यानेच गेली. तिथे अळंबी नव्हती, मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या शेवया होत्या, पण विष हेच. भिजवून ठेवलेल्या अळंबीनेही चीनमध्ये माणसं दगावली आहेत. म्हणून भिजवलेली अळंबी चिकट, बुळबुळीत लागली किंवा वास बदलला तर 'जरा जास्त उकळू या' असा विचार मनात आणायचा नाही. फेकायची.

फूल भिजून फुललं की उलटं करा. बुडाशी पिवळी, टणक गाठ दिसेल. कात्रीने ती गोल कापून टाका, ती तासन्‌तास शिजत नाही. मग पाकळ्या हाताने फाडा, नखाएवढ्या. अगदी नखाएवढ्या, मोठ्या नकोत. माझ्या वर्गात हमखास इथे कंटाळा होतो. फूल दिसायला इतकं सुंदर की लोकांना ते तसंच ठेवावंसं वाटतं, आणि व्हिडिओवालेही तसंच ठेवतात, कारण फोटो छान येतो. तुमची कचकच इथून आली. जितके तुकडे बारीक, तितक्या कडा मोकळ्या, आणि घट्टपणा त्या कडांतून पाण्यात उतरतो.

एक मध्यम फूल, वाळलेलं 12 ते 15 ग्रॅम, त्याला दीड लिटर पाणी. चार जणांना पुरतं. फाडलेली अळंबी आणि पाणी जाड बुडाच्या पातेल्यात घालून मोठ्या आचेवर दहा मिनिटं खळखळून उकळा, वरचा फेस काढा, मग आच इतकी बारीक करा की पृष्ठभागावर एखादाच बुडबुडा यावा. झाकण किंचित उघडं. आता तासभर, बऱ्याचदा सव्वा तास. अधूनमधून ढवळा. चाळीस मिनिटांपर्यंत काहीच घडत नाहीये असं वाटतं. पाणी पाणीच असतं, तुकडे तुकडेच असतात, आणि बहुतेक जण इथेच धीर सोडून साखर घालून मोकळे होतात. त्यानंतर कधीतरी बदल होतो. डाव उचलून पाणी परत सोडा, धार तुटक थेंबांनी न पडता सलग, जरा आळसावून पडायला लागते. साबुदाण्याची पेज निवत आली की डावाला जशी धरते, तशी. पाकाची एकतारी बघतो तितकं बारकाईने बघायला नको, पण नजर तीच हवी. तुकडा बोटांत दाबला की चुरगळायला हवा. ही खूण आली नाही तर घड्याळ काहीही म्हणो, पुढे जायचं नाही.

वेळ नसेल तर कुकर. पण अर्ध्याच्या वर भरू नका, कारण हे चिकट पाणी फेसाळून शिट्टीत अडकू शकतं. एक शिट्टी झाली की आच बारीक, पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. मग झाकण काढून दहा मिनिटं उघडं उकळा. मी घरी रोजच्याला असंच करते. आयींना सांगू नका म्हणजे झालं.

अळंबी सुटली की लाल बोरं. यांना इथे सर्रास 'रेड डेट्स' म्हणून विकतात आणि लोक खजूर घालतात. खजुराचा यात काही संबंध नाही. हा 'रेड डेट' म्हणजे आपल्या बोराचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळीतला, झाडावर पिकवून सुरकुतेपर्यंत वाळवलेला. खजुराने सूप काळपट आणि जड होतं. बोरं सहा, आठोळी काढून. नासपतीचा थंडपणा तोलायला ती घालतात, कारण बोर त्यांच्याकडे उष्ण, आणि आठोळी तर फारच उष्ण मानतात. मधुमेह आहे म्हणून तुम्ही तीनच घाला.

बोरं पंधरा मिनिटं शिजली की नासपती. इथे आपल्याकडच्या बाजारात निवड महत्त्वाची आहे. मऊ, लोण्यासारखा, सुगंधी बब्बूगोशा खायला झकास, पण पातेल्यात दहा मिनिटांत विरघळतो. या सुपाला कडक, रसाळ, दाताखाली जरा रवाळ लागणारी नासपती हवी. चीनमध्ये ती श्वे-ली, बर्फनासपती. पंजाबकडून पावसाळ्यात येणारी पत्थरनाख आशियाई कुळातली आहे, ती हाताशी असेल तर दुसरीकडे बघू नका. ती संपल्यावर काश्मीर-हिमाचलची जी सगळ्यांत कडक मिळेल ती घ्या. दोन नासपत्या, बिया आणि मधला गाभा काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे. आयी साल ठेवायच्या, सालीत गुण आहे म्हणून. मी मेणाचा थर असलेल्या नासपतीची साल काढते आणि बिनमेणाची ठेवते. पंचवीस मिनिटं मंद आचेवर. तुकडा काचेसारखा अर्धपारदर्शक झाला की झालं.

खडीसाखर सगळ्यांत शेवटी. ही गोष्ट आपल्याला शिकवायला नको. घसा बसला की गालात खडीसाखर ठेवायची आपली जुनीच सवय. चीनमध्ये मोठाल्या वेड्यावाकड्या पिवळट खड्यांची वापरतात, आपली दोऱ्यावरची चालते. चार जणांच्या पातेल्याला 40 ग्रॅम पुरे. साखर आधी घातली की अळंबी नीट सुटत नाही असं आयी म्हणायच्या; मी दोन पातेली शेजारी-शेजारी लावून बघितली, फरक जाणवला, तेव्हापासून मीही शेवटीच घालते. आईंसाठी मात्र साखर नकोच. घट्टपणा अळंबीचा असतो, साखरेचा नाही, त्यामुळे बिनसाखरेचं सूपही तितकंच गुळगुळीत होतं. नासपतीची स्वतःची साखर आहेच, म्हणून त्यांच्या वाटीत तुकडे थोडे आणि द्रव जास्त, दिवसातून एकदा, जेवणानंतर लगेच नको, आणि एकदा दोन तासांनी साखर मोजून बघा. मुलांच्या सुपात साखर नंतर वेगळी विरघळवा.

गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी चमचाभर गोजी. लाल, मनुकेसारखी, निंगश्या प्रांतातली नावाजलेली. लवकर घातली की ती फुटून सुपाला आंबूस चव देते. तुमच्या आंबटपणाचं एक कारण हेही असेल, कारण व्हिडिओत सगळं एकदमच पातेल्यात टाकतात. आईंना किंवा घरात कोणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन गोळी असेल तर गोजी वगळा. दोन्हींची गाठ पडून रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याची उदाहरणं आहेत. गोजी नसल्याने चवीचं काही अडत नाही, फक्त लाल ठिपके जातात.

लिलीच्या वाळलेल्या पाकळ्या मिळाल्या तर 15 ग्रॅम, अळंबीबरोबर तासभर भिजवून, नासपतीसोबत. जरा कडसर असतात, जास्त घातल्या की सूप कडवट होतं. बागेतल्या लिलीचा कंद उकरून घालायचा नाही, सगळ्याच लिली खायच्या नसतात. आणि कडू जर्दाळूच्या बिया. ग्वांगझौत गोड आणि कडू दोन्ही मोजून-मापून घालतात, पण कडूत सायनाइड तयार करणारा घटक असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या जर्दाळूच्या बिया फोडून घालायचा उद्योग करू नका, विशेषतः मुलीसाठी. तसंच कोणी 'छ्वान-पेइ' या चिनी औषधी कंदाची पूड घाला म्हणालं तर ते खरोखरीचं औषध आहे, महागही आहे आणि त्यात भेसळही चालते. घरगुती सुपात त्याचं काम नाही.

मुलीला देता येईल. तुकडे आणखी बारीक करा, आठोळी नाहीत ना ते स्वतः बोटांनी चाचपून बघा, लहान वाटी, कोमट. अळंबीचा निसरडा तुकडा पटकन घशात जातो, म्हणून बसवून भरवा, पळता पळता नको.

अळंबीचा सगळा व्याप नकोसा वाटला तर आयींची आणखी सोपी युक्ती सांगते. रात्री खोकला लागला की त्या हीच करायच्या. नासपतीचं वरचं टोक झाकणासारखं कापायचं, चमच्याने गाभा कोरून काढायचा, त्या खळग्यात खडीसाखरेचे तीन-चार खडे, टोक परत वर ठेवायचं, अख्खी नासपती वाटीत उभी करायची आणि वाफवायची. ग्वांगझौत त्याला झाकणाची चिनीमातीची खास भांडी असतात. मी पुण्यात मोदकपात्र काढते. गणपतीनंतर ते एरवी वर्षभर माळ्यावर पडून असतं, त्याला हे काम बरं. चाळीस मिनिटांनी वाटीत तळाशी दोन-तीन चमचे दाट, सोनेरी रस जमतो. तो आधी प्यायचा, मग नासपती चमच्याने खायची. आईंसाठी खडीसाखर न घालता करा, नासपती स्वतःच्या रसात वाफते तेवढी गोडी पुरते.

ही वाफवलेली नासपती एकाने एक खायची, हा तिथला रिवाज आहे. चिनीत नासपती म्हणजे 'ली', आणि ताटातूट होणं म्हणजेही 'ली'. म्हणून नवरा-बायको एक नासपती अर्धी-अर्धी खात नाहीत. सुपात तिचे तुकडे करून चौघांनी प्यायले तर कसं चालतं, असं मी एकदा आयींना विचारलं होतं. सुपाला कोणी नासपती म्हणत नाही, त्या म्हणाल्या.

नासपतीचा हंगाम नसेल तर पपईही चालते, ग्वांगझौत पपई-अळंबीचं सूप तितकंच आवडीचं. फक्त त्याला 'प्राचीन' म्हणू नका. जुन्या चिनी औषधग्रंथांतली 'मू-ग्वा' ही वेगळंच एक आंबट, कडक फळ आहे. पपई अमेरिकेतून आलेली, तिला नंतर 'परदेशी मू-ग्वा' म्हणायला लागले. पपई बेताची पिकलेली घ्या आणि शेवटची दहा मिनिटंच घाला, नाहीतर लापशी होते.

सर्दीचा अंश अजून असेल तर आल्याच्या दोन चकत्या घाला. ग्वांगझौच्या खाली शिनहुईला संत्र्यासारख्या एका फळाची साल तीन वर्षांहून अधिक मुरवतात, तिचा इवला तुकडा आयी घालायच्या, थंडपणा मारायला. नागपुरी संत्र्याची साल वाळवून मी करून बघितलं. वास येतो, मुरलेपण येत नाही. शिवाय सालीवर फवारणी काय झालीय ते कळत नाही, म्हणून सोडून दिलं.

उरलेलं सूप निवलं की लगेच फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपवा. दुसऱ्या दिवशी ते आणखी दाट होतं, काहींना तेच जास्त आवडतं. आईंना मात्र फ्रिजमधलं थेट देऊ नका, वाटीभर काढून गरम करा.

या खेपेला पहिलं पातेलं नासपती न घालता, फक्त अळंबी आणि पाण्याचं लावा. ती किती वेळात सुटते ते एकदा आपल्या फुलाचं, आपल्या गॅसचं कळून येतं. घड्याळ लावून बघा आणि मला कळवा, तासभर लागला की दीड.